यानाचं उड्डाण एकत्र थेट पाहताना: पडद्यावर काय वाचायचं आणि उठायचं कधी?

उपभू
ग्रहमोहिमेचं किंवा चांद्रमोहिमेचं उड्डाण गटाने थेट पाहायचं असेल तर तयारी काय लागते, आकडे कसे वाचायचे, कुठे धसका घ्यायचा आणि कुठे नाही, हे सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

सुरुवातीलाच एक आग्रहाची गोष्ट. धुराचा लोट दिसला, टाळ्या झाल्या, प्रक्षेपक ढगाआड गेला की निम्मी मंडळी उठतात. दळणवळण उपग्रहाच्या वेळी ते एकवेळ चालेल. यानाच्या मोहिमेत मात्र पाहण्यासारखं बरंच काही त्यानंतर घडतं. १४ एप्रिल २०२३ चं ज्यूसचं, म्हणजे गुरूच्या चंद्रांकडे निघालेल्या युरोपीय यानाचं, उड्डाण घ्या. एरियन ५ प्रक्षेपक फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडाला १२:१४ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ). यान सुटं झालं साधारण २८ मिनिटांनी. ऑस्ट्रेलियातल्या न्यू नॉर्सियाच्या अँटेनाला त्याचा पहिला सिग्नल मिळाला १३:०४ ला, आणि ८५ चौरस मीटरची सौरपंखं उघडल्याचं कळलं १३:३३ ला. म्हणजे उड्डाणापासून ७९ मिनिटं. पंखं उघडेपर्यंत यान फक्त बॅटरीवर जगत असतं. दहाव्या मिनिटाला उठलेल्या माणसाने रॉकेट पाहिलं, यान पाहिलंच नाही.

म्हणून माझा नियम: सिग्नल आणि पंखं, या दोन्ही बातम्या येईपर्यंत पडदा बंद करायचा नाही.

नवी_चांदणी
धागा छान. अगदी प्राथमिक प्रश्न: वेळेचा घोळ कसा टाळायचा? एकाच उड्डाणाच्या तीन वेगवेगळ्या वेळा वाचायला मिळतात. आणि 'टी वजा' आणि 'एल वजा' यांत फरक काय?

शून्यक्षण
नेहमी यूटीसीतली वेळ शोधायची आणि त्यात साडेपाच तास मिळवायचे. अमेरिकी वेळेवरून थेट भारतीय वेळ काढायला गेलं की गडबड होते, कारण तिथल्या पूर्व किनाऱ्याची वेळ उन्हाळ्यात यूटीसीच्या ४ तास मागे असते आणि हिवाळ्यात ५ तास. नासाचं युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ ला तिथल्या दुपारी १२:०६ ला उडालं. ते यूटीसीत १६:०६, आपल्याकडे रात्री ९:३६. नोव्हेंबरातलं उड्डाण असतं तर त्याच 'दुपारी १२:०६' चे आपल्याकडे रात्रीचे १०:३६ झाले असते. तारखेकडेही बघा. यूटीसीत संध्याकाळी साडेसहाच्या पुढचं काहीही असलं की आपल्याकडे दुसरा दिवस लागलेला असतो.

'एल वजा' म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाने उड्डाणाला उरलेला खरा वेळ. 'टी वजा' म्हणजे उलटगणतीचं घड्याळ, आणि ते मुद्दाम थांबवतात. अमेरिकेच्या अॅटलस ५ प्रक्षेपकाच्या उलटगणतीत टी वजा ४ मिनिटांवर आधीच ठरवून ठेवलेला थांबा असे. ते घड्याळ ४:०० वर अडकलेलं दिसलं म्हणजे काही बिघडलंय असं नाही. तो वेळ आधीची कामं उरकायला आणि सगळ्यांचा होकार घ्यायला राखलेला असतो. काळजी कधी करायची? ठरवलेला थांबा संपण्याची वेळ टळून गेली आणि घड्याळ सुरू झालं नाही, तेव्हा.

तारजोड
जागेच्या तयारीबद्दल लिहितो. गट दहाचा असो की शंभराचा, अडचणी त्याच येतात.

दाखवायचा लॅपटॉप एकच ठेवा आणि तो तारेने नेटला जोडा. वायफायवर चित्र अडकतं ते नेमकं शेवटच्या दोन मिनिटांत, कारण तेव्हाच खोलीतला प्रत्येक जण आपापल्या फोनवर तेच प्रक्षेपण उघडतो आणि एकाच राउटरवर भार पडतो. मंडळींना आधीच सांगून ठेवा: फोन वायफायवरून काढा. पर्याय म्हणून एक फोन हॉटस्पॉटसाठी चार्जिंगला लावून ठेवा आणि लॅपटॉप त्याला आधी एकदा जोडून पाहा, म्हणजे ऐनवेळी पासवर्ड शोधावा लागणार नाही. १०८० चं चित्र सेकंदाला ५ मेगाबिट धरलं तर तासाला सव्वादोन जीबी जातात. दोन तासांचा कार्यक्रम असेल तर हॉटस्पॉटवाल्या फोनमध्ये पाचेक जीबी शिल्लक हवेत.

लॅपटॉपची झोप बंद, स्क्रीनसेव्हर बंद, आपोआप होणारे अपडेट पुढे ढकललेले, सूचना बंद. आवाज ब्लूटूथ स्पीकरवर देऊ नका. तो चित्राच्या मागे पडतो, शिवाय शेजारच्या एखाद्याचा फोन मध्येच त्याला जोडला जातो. साडेतीन मिलिमीटरची साधी तार पुरते. आवाजाची पातळी उलटगणतीच्या बोलण्यावर ठरवू नका. इंजिनं पेटली की तो एकदम चढतो आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. एखाद्या जुन्या उड्डाणाच्या चित्रफितीवर पातळी ठरवून तिथे खूण करून ठेवा.

प्रोजेक्टर असेल तर खोली पूर्ण अंधारी करण्यापेक्षा मागचा एक दिवा चालू ठेवा. हातातले घटना आणि वेळांचे तक्ते वाचता आले पाहिजेत. तक्त्यांबद्दल खाली कोणीतरी लिहीलच.

अपभू_३६५००
तारजोड, एक भर. आपण सगळे एका खोलीत नसलो, वेगवेगळ्या घरांतून कॉलवर जोडलेले असलो, तर मोठी अडचण मागेपुढे होण्याची. यूट्यूबचं थेट प्रक्षेपण दहा सेकंदांपासून अर्ध्या-पाऊण मिनिटापर्यंत मागे असू शकतं, आणि प्रत्येकाकडे वेगळं. एकाकडे 'उड्डाण!' ची आरोळी उठते तेव्हा दुसऱ्याकडे घड्याळ अजून वजा पंधरावर असतं. मग मजा गेली.

उपाय सोपा आहे. संगणकावर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. त्यात लाइव्ह लेटन्सी किती सेकंद आहे ते दिसतं. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, म्हणजे जो सगळ्यात मागे, त्याच्या वेळेवर बाकीच्यांनी यायचं. टी वजा दहा मिनिटांच्या सुमारास मागे असलेल्याने आपल्या पडद्यावरचं घड्याळ पूर्ण मिनिटावर आलं की 'आता' म्हणायचं. बाकीच्यांनी त्याच आकड्यावर चित्र थांबवून ठेवायचं आणि 'आता' ऐकल्यावर सुरू करायचं. त्यानंतर 'लाइव्ह' च्या लाल ठिपक्याला हात लावायचा नाही, लावला की परत पुढे उडी. टीव्हीवर पाहणारा बहुधा सगळ्यांच्या पुढे असतो. त्याला थांबवता येत नाही, म्हणून त्याने कॉलवरचा माइक बंद ठेवावा. समाजमाध्यमं आणि बाजूचा चॅट तर सगळ्यांनीच बंद करावा, निकाल तिथे आधी फुटतो.

क्रायो_२५
मी इस्रोच्या एलव्हीएम३ प्रक्षेपकाचा क्रम देतो, चंद्रयान-३ च्या उड्डाणाचा (१४ जुलै २०२३, दुपारी २:३५). या प्रक्षेपकावर पुढची मोठी उड्डाणं पाहताना हाच क्रम डोळ्यांसमोर ठेवा, वेळा थोड्या बदलतील.

शून्य सेकंद: दोन्ही बाजूंचे एस२०० बूस्टर पेटतात. फक्त तेच. मधला जाड भाग, एल११०, थंडच असतो. नवख्याला वाटतं मुख्य इंजिन पेटलंच नाही. ते मुद्दाम तसं आहे. प्रत्येक एस२०० मध्ये दोनशे टनांहून अधिक घन इंधन आहे, साडेसहाशे टनांच्या आसपासचं धूड उचलायला ते पुरेसं आहे.

सुमारे १०८ सेकंद: एल११० ची दोन विकास इंजिनं हवेतच पेटतात, एस२०० अजून जळत असताना. एस२०० चा जोर ओसरत आलेला असतो, तो संपायच्या आत दुसऱ्याने भार उचलायला हवा. ही ज्योत एस२०० सारखी धूर ओकणारी नाही, त्यामुळे जमिनीवरच्या कॅमेऱ्यातून सहज कळत नाही. कान उद्घोषणेकडे ठेवा.

सुमारे १२७ सेकंद: एस२०० सुटतात. लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्यात दोन ठिपके बाजूला होताना दिसतात. आभाळ स्वच्छ असेल तर संपूर्ण उड्डाणातलं हे सगळ्यात देखणं दृश्य.

सुमारे १९५ सेकंद, उंची ११५ किमीच्या आसपास: उष्णताकवच उघडून पडतं. इथे हवा इतकी विरळ असते की घर्षणाने यान तापण्याची भीती उरत नाही, मग ते वजन पुढे वाहून न्यायचं कशाला?

सुमारे ३०६ सेकंद: एल११० बंद आणि सुटा. त्यानंतर दोनच सेकंदांत सी२५, म्हणजे क्रायोजेनिक टप्पा पेटतो. माझ्या मते संपूर्ण उड्डाणात श्वास रोखायचे क्षण हेच. द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं इंजिन, वजनविरहित अवस्थेत, एकदाच, आणि पेटलंच पाहिजे.

सुमारे ९५४ सेकंद: सी२५ बंद. ९६९ च्या सुमारास यान सुटं.

नवी_चांदणी
पेटलं की नाही हे आपल्याला पडद्यावरून कसं कळणार? उद्घोषणा व्हायच्या आधी?

रेषा_आणि_ठिपके
आलेखावरून. इस्रोच्या नियंत्रण कक्षाच्या मोठ्या पडद्यावर आखलेल्या मार्गाची रेषा असते आणि रडार आणि टेलिमेट्रीवरून (प्रक्षेपकाने स्वतः रेडिओवर पाठवलेली माहिती) येणारे प्रत्यक्षाचे ठिपके तिच्यावर चढत जातात. कॅमेरा त्या पडद्यावर गेला की माणसांकडे बघू नका, रेषेकडे बघा. ठिपके रेषेवर असतील तोवर सगळं ठीक.

टप्पा बदलताना दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, वेगाचा आकडा. जुना टप्पा बंद झाल्यावर तो दोन-तीन सेकंद जवळपास थिजतो, मग पुन्हा वाढायला लागतो. वाढायला लागला म्हणजे नवा टप्पा पेटला. उद्घोषणेच्या आधी ही खूण मिळते. दुसरी, उंचीच्या ठिपक्यांचा कल.

१२ ऑगस्ट २०२१ चं जीएसएलव्ही-एफ१० पुन्हा बघा. ते यानाचं उड्डाण नव्हतं, ईओएस-०३ उपग्रह होता, पण शिकायला उत्तम आहे. पहिले दोन टप्पे अगदी रेषेवर. मग क्रायोजेनिक टप्पा पेटला नाही आणि ठिपके रेषेखाली झुकू लागले. अधिकृत घोषणा नंतर आली. नंतरच्या चौकशीत कारण निघालं ते असं: एका झडपेतून गळती झाल्याने हायड्रोजनच्या टाकीतला दाब कमी पडला होता.

दुसरं उदाहरण ३१ ऑगस्ट २०१७ चं, पीएसएलव्ही-सी३९. त्यात इंजिनं सगळी चालली, पण उष्णताकवच सुटलं नाही. टनभर फालतू वजन शेवटपर्यंत वाहिलं गेलं, त्यामुळे वेग आखलेल्यापेक्षा सतत कमी पडत गेला. एकदम खड्डा नाही, हळूहळू वाढणारी तूट. म्हणून सांगतो: तूट एकदम दिसली तर टप्प्याचा प्रश्न, सावकाश वाढत गेली तर वजनाचा किंवा जोर कमी पडल्याचा.

शून्यक्षण
वेगाच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. तो कशाच्या सापेक्ष आहे ते आधी ठरवा. इस्रोच्या माहितीपुस्तिकांतल्या तक्त्यात प्रक्षेपक अजून तळावर उभा असताना वेग सेकंदाला सुमारे ४५२ मीटर लिहिलेला असतो. ती छपाईची चूक नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे श्रीहरिकोट्याची जमीन त्या वेगाने पूर्वेकडे जात असते, आणि तक्ता जडत्वीय वेगाचा, म्हणजे पृथ्वीचं फिरणं धरून मोजलेल्या वेगाचा आहे. स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटच्या प्रक्षेपणात घड्याळाशेजारी जो वेग येतो तो शून्यापासून सुरू होतो आणि ताशी किलोमीटरमध्ये असतो. दोन प्रक्षेपणांची तुलना करताना हा अर्ध्या किलोमीटरचा फरक विसरला की लोक उगाच वाद घालत बसतात.

लक्षात ठेवायचे दोन आकडे, १७०-२०० किमी उंचीवरचे:
वर्तुळाकार कक्षेसाठी ७.८ किमी/सेकंद, म्हणजे ताशी २८,०००.
पृथ्वी सोडून जाण्यासाठी ११ किमी/सेकंद, म्हणजे ताशी ३९,६००.

पडद्यावरचा आकडा २८,००० च्या आसपास थांबला तर यान अजून पार्किंग कक्षेत, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या तात्पुरत्या कक्षेत आहे, दुसरं ज्वलन बाकी आहे. कार्यक्रम संपलेला नाही.

अपभू_३६५००
याच आकड्यांवरून चंद्रयान-३ चं शेवटचं मिनिट किती नाजूक होतं तेही कळतं. कक्षा होती १७० × ३६,५०० किमी, म्हणजे पृथ्वीजवळचं टोक (उपभू) १७० वर आणि दूरचं टोक (अपभू) ३६,५०० वर. सी२५ बंद होताना वेग १०.२-१०.३ किमी/सेकंद. पृथ्वी सोडायच्या वेगापेक्षा पाऊण किलोमीटरच कमी! या टोकाला वेगात सेकंदाला फक्त १० मीटरची तूट पडली तरी अपभू सुमारे ६०० किमीने खाली येतो. उपभू मात्र जवळजवळ हलत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या मिनिटांत ठिपका रेषेच्या केसभर खाली असला तर फारसं बिघडत नाही, मार्गदर्शन संगणक ती तूट पुढे भरून काढतो. शेवटच्या मिनिटात भरून काढायला वेळच नसतो.

निळी_ज्योत
एक शंका, खूप जण विचारतात. सी२५ चालू असताना वेग वाढत असतो पण उंची वाढतच नाही, कधी तर घटते. हे बिघाडाचं लक्षण नाही ना?

क्रायो_२५
नाही. चंद्रयान-३ च्या वेळी सी२५ पेटला तेव्हा उंची १७५ किमीच्या आसपास होती, आणि सहाशेहून अधिक सेकंद जळून बंद झाला तेव्हाही तेवढीच. क्रायोजेनिक इंजिनाचा जोर तुलनेने कमी आणि काम सावकाश चालणारं. खालच्या टप्प्यांनी उंची मिळवून दिलेली असते, आता जवळपास सगळा जोर आडव्या वेगावर खर्च करायचा असतो. मध्ये उंची थोडी चढते, थोडी उतरते, तसंच आखलेलं असतं. एरियन ५ च्या आलेखातही हा उतार स्पष्ट दिसायचा. उंची कमी होतेय पण ठिपका रेषेवर आहे ना? मग निश्चिंत राहा.

निळी_ज्योत
धन्यवाद. मग प्रक्षेपकावरच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या आणि भीती वाटणाऱ्या पण निरुपद्रवी गोष्टींची यादी मी देते:

पांढरे तुकडे उडताना दिसतात. बर्फ असतो तो. द्रव ऑक्सिजनची टाकी उणे १८३ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड, तिच्यावर हवेतली वाफ गोठते आणि कंपनांनी सुटते.

फाल्कनच्या दुसऱ्या टप्प्याचं नोझल लालभडक होतं. त्या नोझलचा खालचा भाग उष्णता बाहेर फेकूनच थंड राहतो, म्हणून तो तसाच तापलेला दिसायला हवा.

टप्पे सुटताना एकदम धूर आणि ठिणग्या दिसतात. जोड तोडणारे स्फोटक आणि टप्पे दूर सारणारी छोटी रॉकेटं यांचं ते काम.

चित्र चौकोन-चौकोन होऊन गोठतं. ज्वाळांच्या आयनित वायूतून रेडिओ लहरी नीट जात नाहीत, किंवा एका केंद्राकडून दुसऱ्याकडे हस्तांतर चालू असतं. चित्र थांबलं म्हणजे प्रक्षेपक थांबला असा अर्थ होत नाही.

खरी वाईट खूण कोणती? ज्वाळेच्या दिशेत सतत डोलणं, चित्रातलं क्षितिज गरागरा फिरणं.

रेषा_आणि_ठिपके
यादी उत्तम. यात उलट बाजूचा एक धोका मिळवा: अॅनिमेशन. कॅमेरा नसतो तेव्हा संगणकावर काढलेलं यान पडद्यावर सुबकपणे उडत असतं. कधी ते खऱ्या टेलिमेट्रीवर चालतं, कधी नुसतं आखलेल्या मार्गावर. दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्षात काही घडलं तरी चित्र हसतमुखच राहतं.

२५ जानेवारी २०१८ चं एरियन ५ चं व्हीए२४१ उड्डाण बघा. साडेनऊ मिनिटांच्या सुमारास, वरचा टप्पा पेटल्यानंतर काही सेकंदांत, टेलिमेट्री गेली ती उरलेल्या उड्डाणात परत आलीच नाही. कारण? दिशेचा कोन ७० अंशांऐवजी ९० भरला गेला होता, त्यामुळे ट्रॅकिंग केंद्राची अँटेना जिथे पाहत होती तिथे प्रक्षेपक नव्हताच. उपग्रह सुटले, पण कक्षेचा विषुववृत्ताशी कल ३ अंशांऐवजी २० च्या वर. तेव्हा पडद्यावरच्या चित्रापेक्षा 'टेलिमेट्री मिळतेय' हे शब्द महत्त्वाचे.

नवी_चांदणी
पीएसएलव्हीवरून जाणाऱ्या यानाला एवढा वेळ का लागतो? आदित्य-एल१ ला तासाच्या वर लागला होता ना?

क्रायो_२५
हो, २ सप्टेंबर २०२३, सकाळी ११:५०, पीएसएलव्ही-सी५७. यान सुटं व्हायला सुमारे ६३ मिनिटं.

पीएसएलव्हीचे चार टप्पे: घन, द्रव, घन, द्रव. एक्सएल प्रकारात बाजूला सहा बूस्टर. चार जमिनीवर पेटतात, उरलेले दोन हवेत, सुमारे २५ व्या सेकंदाला. जमिनीवर सहा मोजून चारच पेटलेले दिसले की घाबरू नका. ते चार साधारण ७० व्या सेकंदाला सुटतात, हवेत पेटलेले दोन ९२ च्या सुमारास.

वेळ जातो तो पुढे. यानाला लांबट कक्षा द्यायची, आणि तिचा उपभू बिंदू पृथ्वीभोवती योग्य जागी यायला हवा. म्हणून प्रक्षेपक मध्ये इंजिन बंद ठेवून नुसता तरंगतो आणि जागा आली की चौथा टप्पा पेटवतो. आदित्यच्या वेळी चौथा टप्पा दोनदा पेटला. मंगळयानाच्या वेळी (५ नोव्हेंबर २०१३, दुपारी २:३८) तिसरा टप्पा सुटल्यावर चौथा पेटायला सुमारे २५ मिनिटं लागली, आणि यान ४४ व्या मिनिटाला सुटलं. चौथ्या टप्प्याचं ज्वलन प्रशांत महासागरावर होणार होतं, तिथे जमिनीवर केंद्र नाही, म्हणून नालंदा आणि यमुना ही दोन जहाजं अँटेना घेऊन तिथे उभी केली होती. खराब हवेमुळे जहाजांना पोहोचायला उशीर झाला आणि उड्डाण २८ ऑक्टोबरवरून पुढे गेलं. सिग्नल ऐकायला कोणी नसताना ज्वलन करायचं नाही, इतकं त्याला महत्त्व.

उपभू
ही २५ मिनिटांची शांतता गट सांभाळणाऱ्यांसाठी अवघड असते. पडद्यावर काही हलत नाही, मुलं उठतात. तेवढ्यात नकाशा काढा. प्रक्षेपकाचा जमिनीवरचा मार्ग दाखवून 'आत्ता तो कुठे आहे' हे विचारत राहा. पार्किंग कक्षेत तो मिनिटाला साडेचारशे किलोमीटरच्या वर जातो, तेव्हा दर मिनिटाला गोटी पुढे सरकवता येते. मोठा पृथ्वीगोल असेल तर त्याहून छान.

उलटगणतीतल्या थांब्यांबद्दल अजून कोणी सविस्तर लिहिलं नाही.

शून्यक्षण
लिहितो. थांबा लागला की पहिला प्रश्न विचारायचा: आजची खिडकी, म्हणजे उड्डाण करता येईल असा वेळ, किती लांब? ज्यूसची एक सेकंदाची होती. १३ एप्रिलला विजेच्या धोक्यामुळे तो सेकंद हुकला आणि उड्डाण सरळ दुसऱ्या दिवशी. अशा वेळी 'थांबा' आणि 'आज नाही' यात फरक उरत नाही. खिडकी तासा-दोन तासांची असेल तर बसून राहण्यात अर्थ आहे.

दुसरा प्रश्न: इंधन भरून झालंय का? फाल्कन ९ मध्ये भरणं टी वजा ३५ मिनिटांना सुरू होतं. ऑक्सिजन उणे २०७ अंशांपर्यंत अतिथंड केलेला असतो, म्हणजे जास्त मावतो. तो टाकीत बसून तापायला लागला की घनता घटते. म्हणून भरणं सुरू झाल्यावर लांबचा थांबा परवडत नाही.

वीज हा विषय हलक्यात घेऊ नका. आभाळात वीज चमकत नसली तरी धूर-ज्वाळांचा लांबलचक वाहक पट्टा वर गेला की प्रक्षेपक स्वतःच वीज ओढवून घेतो. १४ नोव्हेंबर १९६९ ला अपोलो १२ वर उड्डाणानंतर ३६ व्या आणि ५२ व्या सेकंदाला अशी वीज पडली होती. तेव्हापासूनचे नियम कडक आहेत, आणि 'इथे तर ऊन दिसतंय' हा मुद्दा त्यांच्यापुढे चालत नाही.

चंद्रयान-२ चं १५ जुलै २०१९ चं उड्डाण टी वजा ५६ मिनिटं २४ सेकंदांवर थांबवलं, २२ जुलैला झालं. रात्री पावणेतीनसाठी जमलेल्यांचा हिरमोड झाला असेल, पण बिघाड जमिनीवर सापडणं ही मोहिमेच्या दृष्टीने चांगलीच बातमी.

निळी_ज्योत
सुट्या झालेल्या यानाला 'यशस्वी' म्हणावं का, यावर माझं मत उपभूंसारखंच आहे. मंगळाच्या चंद्राकडे निघालेलं रशियाचं फोबोस-ग्रुंट नोव्हेंबर २०११ मध्ये पार्किंग कक्षेत नीट पोहोचलं, प्रक्षेपकाने आपलं काम केलं, पण यानाचं स्वतःचं इंजिन पेटलं नाही. जानेवारी २०१२ मध्ये ते प्रशांत महासागरात पडलं. चंद्रावर उतरायला निघालेलं अमेरिकी पेरेग्रीन ८ जानेवारी २०२४ ला व्हल्कन प्रक्षेपकाच्या पहिल्याच उड्डाणात अचूक सुटलं, सिग्नलही आला, आणि काही तासांतच इंधनप्रणालीत गळती. लघुग्रहांकडे निघालेली नासाची लूसी १६ ऑक्टोबर २०२१ ला गेली तेव्हा दोन गोल पंखांपैकी एक शेवटपर्यंत उघडून कुलूपबंद झाला नाही. तरी वीज पुरेशी मिळाली आणि मोहीम पुढे गेली.

ज्यूसचंही तसंच. पंखं उघडली, पण १६ मीटरची रडार अँटेना एका अडकलेल्या पिनेमुळे उघडेना. यान उन्हाकडे वळवून तापवणं, इंजिनांनी हादरे देणं, सगळं करून पाहिलं. १२ मे ला शेजारच्या यंत्रणेने दिलेल्या धक्क्याने ती सुटली. तेव्हा उड्डाणाच्या दिवसाचा तक्ता भिंतीवर महिनाभर राहू द्यावा.

तारजोड
तक्त्याचा विषय निघालाच आहे तर नमुना देतो. मोहिमेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतून घटना घ्या, चार रकाने करा: घटना, नियोजित टी अधिक (उड्डाणानंतरची वेळ), प्रत्यक्ष ऐकलेली वेळ, फरक. एकाने घड्याळ धरायचं, एकाने लिहायचं. प्रत्यक्ष वेळ पडद्यावरच्या मोहिमेच्या घड्याळावरूनच घ्यायची, मनगटावरच्या नाही, नाहीतर प्रक्षेपणाचा उशीर सगळ्या आकड्यांत शिरतो. उद्घोषणा एक-दोन सेकंद मागून येते, तेवढा फरक सोडून द्या.

क्लिपरसाठी तक्त्यात बूस्टर उतरण्याच्या ओळी नव्हत्या, कारण फाल्कन हेवीचे तिन्ही भाग त्या दिवशी परत आणायचे नव्हते, सगळं इंधन यानाला वेग द्यायला वापरलं. उतरण्याची वाट पाहत बसणाऱ्यांना हे आधी सांगावं लागतं.

कॅनबेराची_अँटेना
उशिरा आले. सिग्नलच्या ओळीबद्दल लिहिते, कारण तिथे बहुतेक तक्ते चुकतात.

नासाच्या मोहिमांसाठी शेजारच्या फोनवर 'डीएसएन नाऊ' (नासाच्या दूरच्या यानांसाठीच्या अँटेनांच्या जाळ्याचं पान) उघडून ठेवा. गोल्डस्टोन, माद्रिद, कॅनबेरा इथली कुठली अँटेना कुठल्या यानाकडे वळली आहे ते त्यात जवळजवळ त्या क्षणीच दिसतं. यान सुटं व्हायच्या आधीच एखाद्या ३४ मीटरच्या अँटेनावर त्याचं नाव येतं, म्हणजे ती त्या दिशेला वळून वाट पाहते आहे. क्लिपरच्या वेळी कॅनबेराशी संपर्क झाला उड्डाणानंतर १ तास ७ मिनिटांनी. भारतीय मोहिमांसाठी बेंगळुरूजवळच्या ब्यालालूची ३२ आणि १८ मीटरची अँटेना महत्त्वाची, पण तिचं असं उघडं पान नाही, तिथे उद्घोषणेवरच विसंबावं लागतं.

सिग्नल दोन पायऱ्यांनी येतो. आधी नुसती वाहक लहर. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर वर्णपट दाखवतात तेव्हा नीट बघा: खाली गवतासारखी थरथरणारी सपाट रेषा असते, तो नुसता गोंगाट. मग त्यात एका जागी बारीक काटा उगवतो, डळमळतो, आणि उंच होऊन स्थिर होतो. तो काटा म्हणजे यान. तो किंचित डावी-उजवीकडे सरकतो, कारण यान दूर जाताना त्याचा वेग बदलत असतो आणि त्यानुसार वारंवारताही बदलते. एवढ्यावर यान बोलतंय इतकंच कळतं, काय बोलतंय ते नाही. टेलिमेट्री जुळायला अजून काही वेळ लागतो, आणि बॅटरी किती, पंखं कुठल्या कोनात, यान सूर्याकडे वळलंय का, हे त्यानंतर समजतं. काटा दिसूनही टेलिमेट्री जुळायला उशीर झाला तर बहुधा यान हळूहळू गिरक्या घेत असतं आणि त्याची अँटेना आपल्याकडे येते-जाते.

तारजोड
हे नव्हतं तक्त्यात. 'सिग्नल' ची एक ओळ काढून तीन करतो: वाहक लहर, टेलिमेट्री, पंखं.

उपभू
आणि तिसऱ्या ओळीसमोर दोन चौकटी ठेवा. पंखं दोन असतात, बातमी प्रत्येकाची वेगळी येऊ शकते.